पंचवीस पॉइंट चार

कळंबच्या आमच्या जुन्या माळवदाच्या जागी भावाला दोन खोल्या काढायच्या आहेत. नकाशासाठी गेलो तेव्हा ड्राफ्टिंग करणाऱ्या ताईंनी विचारलं, "काका, फाइल डीएक्सएफमध्ये देऊ, का नुसती पीडीएफ पुरे?" घरी मी बारा वर्षं लिनक्स वापरतो. आजवर हाती आलेला प्रत्येक नकाशा ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलमध्येच होता आणि तो उघडायला कुणाच्या तरी दारात जावं लागलं होतं. हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि दिवसभर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

खोली दहा बाय बाराची. ताईंचे वडील, आप्पा, इथेच हाताने नकाशे काढायचे. कोपऱ्यातलं कपाट उघडलं की जुन्या प्रिंटांचा, अमोनियाचा वास अजून नाकात शिरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची धास्ती बसलेली माणसं आप्पांकडे कॉलम-बीमचं घर मागायला यायची. त्या वेळचा एक ट्रेसिंग पेपर आप्पांनी उलगडून दाखवला. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने खरवडलेली, पण कागद कुठेही फाटलेला नाही. मी त्या जागेवरून बोट फिरवलं. किंचित खरखरीत लागली.

ताईंचा कॉम्प्युटर सेकंड हँड, चार जीबी रॅमचा. त्यावर डेबियन लिनक्स. हे का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "डिप्लोमा करताना सगळ्यांकडे क्रॅक केलेलं ऑटोकॅड होतं, माझ्याकडेही. पण इथे बसल्यावर सही माझी, शिक्का माझा आणि हत्यार चोरीचं, हे मनाला पटेना."

मग शोध सुरू झाला. ड्राफ्टसाइट लिनक्सवर फुकट मिळायचं आणि डीडब्ल्यूजी सरळ उघडायचं. २०१९ अखेर ती वाट बंद झाली. ब्रिक्सकॅड लिनक्सवर चालतं, डीडब्ल्यूजीही चांगलं हाताळतं, पण ते विकतचं. क्यूकॅडच्या मोफत आवृत्तीत डीडब्ल्यूजी नाही. त्याच क्यूकॅडच्या मोफत आवृत्तीतून फुटून निघालेलं लिब्रेकॅड जुन्या मशीनवर हलकं पडतं. ताई घरांचे नकाशे त्यातच काढतात. त्रिमितीसाठी फ्रीकॅड. ते २००२ पासून घडतंय आणि त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याआधी मॉडेलची एक बाजू बदलली की तिच्या आधाराने काढलेला भाग भलत्याच कडेला जाऊन बसायचा. हा त्रास आता पुष्कळ कमी झालाय. पत्र्याच्या शेडसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ओसडॅग आहे. लोखंडी जोड आयएस ८०० प्रमाणे तपासून ते त्रिमिती मॉडेल दाखवतं, आणि ते मॉडेल फ्रीकॅडमध्येही उघडता येतं.

दुपारी लातूरहून एका इंजिनिअरची फाइल आली. उघडली तर पडदा रिकामा. ताईंनी झूम केलं तेव्हा मधोमध एक ठिपका दिसला, आणि तो ठिपका म्हणजे अख्खं घर होतं. नऊ इंची भिंत मोजली तर नऊ मिलिमीटर. नकाशा इंचात काढलेला होता, पण फाइलमध्ये मापाचं एकक लिहिलेलंच नव्हतं.

"पंचवीस पॉइंट चार," ताई म्हणाल्या. सगळं निवडलं, २५.४ पट केलं. भिंत २२८.६ झाली. "साइटवर हिला आपण दोनशे तीस म्हणतो." तरी त्या तिथे थांबल्या नाहीत. तीन फुटी दरवाजा मोजला, ९१४.४. जिन्याची पायरी मोजली. मग कुठे फाइल सेव्ह केली. गवंडी फुटात बोलतो, परवानगीचा नकाशा मीटरमध्ये लागतो, आणि या दोघांमधला २५.४ ज्याने सांभाळला त्याचंच घर सरळ उभं राहतं. आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "आमच्या वेळी हे पट्टीवरच असायचं, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर."

खोल्यांची नावं मराठीत लिहायची हा ताईंचा हट्ट. लिब्रेकॅडची अक्षरं रेघांची असतात, त्यांत आपल्या वेलांट्या-जोडाक्षरं नीट बसत नाहीत. म्हणून त्या नकाशा एसव्हीजीमध्ये काढतात, इंकस्केपमध्ये उघडतात आणि मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'मुक्त' या टाइपात देवघर, न्हाणी, ओसरी अशी नावं बसवतात. प्रत्येक नकाशामागे वीस मिनिटं जास्त जातात. "गवंड्याला वाचता आलं नाही तर नकाशा कशाला काढायचा?" त्यांच्या या बोलण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

मला राग आला तो शेवटच्या टप्प्यावर. परवानगीचा ऑनलाइन अर्ज भरायला ताईंना फाइल कन्व्हर्टरमधून डीडब्ल्यूजी करून दुसऱ्याच्या विंडोजवर जावं लागतं. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसालाच ही पायपीट! डीएक्सएफ हाही ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीचाच नमुना, पण त्याची रचना कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली आहे. डीडब्ल्यूजीची तशी नाही. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्समध्ये खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं. नागरिकाकडून नकाशा मागणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने डीडब्ल्यूजीच्या शेजारी डीएक्सएफचा पर्याय द्यायलाच हवा.

लिनक्सवर घराचा नकाशा काढता येतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता हो असं आहे. कळंबमध्ये तो रोज काढला जातो. तुम्ही नकाशाचे पैसे मोजाल तेव्हा पीडीएफसोबत डीएक्सएफही मागून घ्या, आणि तो इंचात आहे की मिलिमीटरमध्ये, तेवढं फाइलच्या नावात लिहून घ्या.