यंत्र म्हणजे नवा पायाळू नव्हे

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरात, अंधार पडला की शेतात जत्रा भरायची. मोबाइलचे टॉर्च, टिकाव-फावडी, माती चाळायला चाळण्या आणि काहींच्या हातात चक्क मेटल डिटेक्टर. महामार्गाच्या कामातली माती तिथल्या शेतात पडली होती आणि तिच्यात कुणाला तरी मोगलांची सोन्याची नाणी सापडली, अशी आवई उठली होती. ‘छावा’ चित्रपटात बुऱ्हाणपूरची लूट नुकतीच सगळ्यांनी पाहिलेली. मराठ्यांनी 1681 मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं हे इतिहासाला धरूनच आहे. पण जो खजिना लुटून नेला तो शेतात कसा उरेल, एवढा साधा प्रश्न खड्डे खणणाऱ्यांना पडला नाही. शेतांची चाळण मात्र झाली.

आपल्याकडे गुप्तधन दाखवायला पूर्वी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस लागायचा. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतले हंडे दिसतात अशी समजूत होती. आता ती जागा ऑनलाइन मागवता येणाऱ्या यंत्रानं घेतली आहे. इंग्लंड-अमेरिकेत बागेत, परसात, नांगरलेल्या शेतात जुनी नाणी हुडकणं हा रीतसर छंद आहे. त्याचे व्हिडिओ आपण मिटक्या मारत बघतो: यंत्र वाजतं, माती बाजूला होते आणि खाली चांदी चमकते. मधले कित्येक तास कापलेले असतात. त्या कापलेल्या तासांतच खरी गोष्ट आहे.

“यंत्राला सोनं कळतं”

नाही कळत. यंत्राच्या टोकाच्या गोल चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह जातो, त्यानं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या धातूवर पडलं की धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र वर येतं. दुसरं वेटोळं ते टिपतं. हाती लागतं ते एवढंच: वस्तू विजेची किती सुवाहक आहे, साधारण केवढी आहे, तिचा आकार कसा आहे. या तिन्हींची खिचडी होऊन पडद्यावर एक आकडा येतो. जाड चांदीच्या नाण्याला खणखणीत उंच सूर, गंजक्या खिळ्याला घरघर, हे खरं. पण पातळ सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी यांचा आकडा बऱ्याचदा जवळपास सारखाच येतो. त्यामुळे कडी नको म्हणून तो आवाज बंद ठेवणारा माणूस सोनंही मागे टाकून जातो, आणि सगळं खणणारा दिवसभर बाटल्यांची बुचं गोळा करतो. बागेत बहुतेक वेळा हेच निघतं: बुचं, कड्या, चॉकलेटची चांदी, खिळे.

यंत्राची ही मर्यादा त्याच्या जन्माइतकी जुनी. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः यंत्र घेऊन आले. ते निष्फळ ठरलं. गादीतल्या स्प्रिंगांचं पोलाद मधे आलं असावं असं म्हणतात. शिवाय मुख्य डॉक्टरांचा हट्ट होता की गोळी उजव्या बाजूलाच आहे, तिथंच शोधा. ती निघाली डावीकडे, अध्यक्षांच्या मृत्यूनंतर. यंत्र कसंही असो, चालवणाऱ्यानं आधीच मनाशी काही धरलं असेल तर यंत्र काय करणार?

तीस फूट खोलीवरचं किंवा शंभर मीटर अंतरावरचं सोनं दाखवणाऱ्या, अँटेना लावलेल्या ‘गोल्ड डिटेक्टर’च्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये. छंदाचं चांगलं यंत्र सुट्टं नाणं वीतभर, फार तर थोडं अधिक खोल दाखवतं. अँटेनाच्या दांड्याचं सोंग किती महाग पडतं हे इराकनं अनुभवलं. ‘एडीई 651’ नावाचं बॉम्बशोधक म्हणून विकलेलं यंत्र म्हणजे गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्याचा अवतार निघाला. आत चालणारं काहीही नव्हतं. ते हजारो डॉलरना विकणाऱ्याला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतरही काही काळ ते इराकच्या तपासनाक्यांवर वापरलं जात होतं.

“जितकं खोल तितकं जुनं”

थर न हललेल्या जागी, उत्खननात, हे बऱ्याच अंशी खरं. परसात आणि बागेत नाही. हिरवळीवर पडलेलं नाणं खाली जातं ते मुख्यतः गांडुळांमुळे: ती खालची माती वर आणून टाकतात आणि नाणं हळूहळू झाकलं जातं. चार्ल्स डार्विननं यावर आख्खं पुस्तक लिहिलं, तेही 1881 मध्येच. खाली कडक थर लागला की नाणं तिथंच थांबतं, मग वय शंभर असो वा तीनशे. नांगर फिरला की खालचं वर, वरचं खाली. भराव टाकलेल्या जमिनीवर तर विचारायलाच नको. असीरगडची माती दुसरीकडून उचलून आणलेली होती.

आपल्या काळ्या कसदार जमिनीचं आणखी निराळं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत वरची वस्तू सरळ खाली जाते. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि जमीन आपलंच मंथन करत राहते. कालचं दहा रुपयांचं नाणं एखाद्या शिवराईच्या खाली सापडलं तर नवल वाटायला नको. त्यात सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि कोकणातला जांभा, दोन्हींत लोहाची खनिजं भरपूर. अशा जमिनीवर यंत्र उगाच कुरकुरतं, कधी दगडालाच धातू समजतं आणि खोली आणखी कमी होते. इंग्लंडच्या शेतात चित्रित केलेला करामतीचा व्हिडिओ पाहून इथं यंत्र मागवणाऱ्यानं एवढं तरी आधी जाणून घ्यावं.

“ज्याला सापडलं त्याचं”

सगळ्यात पक्का रुजलेला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा.

इंग्लंडचं बघू, कारण ‘तिथं सगळं चालतं’ असं आपल्याला वाटतं. तिथं प्रत्येक जमिनीला मालक आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय यंत्र घेऊन शिरणं गैर. 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की तो ‘खजिना’ ठरतो. चौदा दिवसांच्या आत कोरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संग्रहालयानं तो घेतला तर किंमत समिती ठरवते आणि बक्षीस सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटलं जातं.

सफोकमधल्या हॉक्सन गावची गोष्ट या छंदात सगळ्यांना पाठ असते. ती या कायद्याच्याही आधीची, नोव्हेंबर 1992 ची. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, म्हणून एरिक लॉज हा त्याचा परिचित डिटेक्टर घेऊन गेला. हातोड्याआधी चांदीचे चमचे, दागिने आणि नाणी लागली. खरी गंमत पुढे आहे. थोडं खणल्यावर तो थांबला आणि त्यानं कळवून टाकलं. पुरातत्त्वज्ञांनी येऊन खजिना जिथल्या तिथं नोंदत उचलला, म्हणून लाकडी पेटी कुजून गेलेली असूनही तिच्यात काय कुठं रचलं होतं हे कळू शकलं. रोमन काळाच्या अखेरची जवळजवळ पंधरा हजार नाणी निघाली. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि लॉजनं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हेरफर्डशरमध्ये 2015 साली दोघांनी याच्या नेमकं उलट केलं. नवव्या शतकातला व्हायकिंग साठा सापडला, तो त्यांनी दडवला आणि गुपचूप विकायला काढला. नाणी तीनशेच्या आसपास असावीत, परत हाती आली जेमतेम तीस. 2019 मध्ये दोघं तुरुंगात गेले. सरळ कळवलं असतं तर कदाचित लाखो पौंड मिळाले असते. पण त्याहून मोठं नुकसान इतिहासाचं झालं. उरलेल्या थोड्या नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केऑलवुल्फ यांची मैत्री दिसते. नंतरच्या बखरींनी या केऑलवुल्फला व्हायकिंगांचं बाहुलं ठरवून मोडीत काढलं होतं. गेलेल्या पावणेतीनशे नाण्यांवर काय होतं, कुणास ठाऊक.

आता आपल्याकडे. ‘सापडलं की सरकार घेऊन जातं, हाती काही लागत नाही’ म्हणून लोक गप्प बसतात. 1878 चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ वाचला तर चित्र वेगळं दिसतं. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठं, कोणत्या दिवशी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हमी द्यायची. चौकशीत ते बेवारस ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर मूळ कायद्यानुसार तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश द्यायची तरतूद आहे. नाण्याचं ऐतिहासिक मोल त्यात धरलेलं नाही, हा या कायद्याचा तोकडेपणा, आणि माझ्या मते लपवालपवीचं एक मोठं कारण. पण लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच कायद्यात आहे.

किल्ले, लेणी, जुनी मंदिरं ही संरक्षित स्थळं असतील तर वाटणीचा प्रश्नच नाही, परवान्याशिवाय तिथं खणणं हाच गुन्हा. आणि गुप्तधनासाठी मांत्रिक आणून अघोरी प्रकार करणाऱ्यांना महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. त्यात गुप्तधनाचा नाव घेऊन उल्लेख आहे.

‘बाग सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांची’ हाही भ्रमच. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर जवळ बाळगायलासुद्धा मनाई आहे. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये लेखी परवानगीशिवाय चालत नाही. गावच्या बागांचे नियम गावागणिक बदलतात. अमेरिकेत स्वतःच्या परसात मात्र हौस भागवायला हरकत नाही. तिथं 1964 पर्यंतच्या डाइम नाण्यात नव्वद टक्के चांदी असते, तेवढीच उत्सुकता. जिथं परवानगी आहे तिथंही एक शिस्त पाळतात: हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा, माती फडक्यावर काढायची, नाणं निघो वा खिळा, ती परत भरून झाकण पायानं दाबून टाकायचं. काम नीट झालं असेल तर दोन दिवसांनी जागा ओळखू येत नाही.

“जुनं म्हणजे लाखाचं”

किंमत वयावर ठरत नाही. ती ठरते किती नाणी उरली, कोणत्या अवस्थेत उरली आणि घेणारे किती यावर. 1862 सालचा राणीछाप रुपया अनेक घरांत देव्हाऱ्यात असतो. पण टांकसाळीनं पुढची कित्येक वर्षं तोच 1862 सन घालून रुपये पाडले, त्यामुळे तो मुबलक आहे आणि साध्या प्रतीला चांदीच्या भावाहून फार काही मिळत नाही. तांब्याची शिवराईही विपुल. दुर्मिळ आहे तो शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन.

नाणं सापडलं की पहिली चूक घरातच होते, ती म्हणजे चिंच-मीठ लावून घासणं. तांब्यावर चढलेला हिरवा-काळपट थर हा मळ नसतो. त्या थरानं नाणं जपलेलं असतं आणि जाणकार आधी तोच बघतो. लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि अक्षरं झिजतात ती वेगळीच. साधी माती असेल तर पाण्यात भिजवावं, टिपून सुकवावं आणि हात आवरता घ्यावा.

हनुमान किंवा रामदरबार असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ नाणं कंपनीनं कधीच पाडलं नाही. ते बाजारातलं टोकन आहे. तांदूळ खेचणाऱ्या नाण्यांची, म्हणजे ‘राइस पुलर’ची, लाखोंची सौदेबाजी ही शुद्ध फसवणूक. जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून आधी कर नि कमिशन मागणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला होता, कारण हे भामटे बँकेचंच नाव वापरत होते. आजीचे शंभर वर्षांहून जुने रुपये आठवण म्हणून परदेशी न्यायचा बेत असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं तेही बंद आहे.

“मूठभर नाणी वाटून घेतली तर काय बिघडलं?”

नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, तेरा हजारांहून अधिक. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. म्हणजे सातवाहनांनी नहपानाला हरवलं आणि त्याचंच चलन आपल्या नावानं पुन्हा चालू केलं, याचा धातूतला पुरावा. नहपानाचं एक सुट्टं नाणं कुणा सोनाराकडे गेलं असतं तर ते काही ग्रॅम चांदी झालं असतं. साठा एकत्र अभ्यासला गेला, म्हणून कोणती नाणी ठशाची, कोणती बिनठशाची आणि त्यांचं प्रमाण काय, हे कळलं.

त्याच जिल्ह्यात अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनिटरी म्युझियम आहे. यंत्रावर काही हजार रुपये घालण्याआधी या दोन ठिकाणी एकेक दिवस घालवला, तर खणताना चुकून काही लागलंच तेव्हा ते काय आहे याचा अंदाज येईल. तसं लागलं तर फावडं बाजूला ठेवायचं, जागेवरच फोटो घ्यायचे, घासायचं नाही, आणि जिल्हाधिकारी कचेरीत दिलेल्या अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही.