पैसे भरून घासलेला डेक

सुट्टी म्हणजे आराम, हे आपलं समीकरण. ब्रिटनच्या ‘लॉर्ड नेल्सन’ या शिडाच्या जहाजावर ते लागू पडत नसे. पैसे भरून आलेल्या पाहुण्यालाही मध्यरात्री उठवून पहाऱ्यावर उभं करत, पाळी आली की स्वयंपाकघरात राबवत. रोजच्या साफसफाईला तिथे ‘हॅपी अवर’ म्हणत. प्याले नाहीत, हातात घासायचे ब्रश! तरीही माणसं पुन्हापुन्हा जात.

या उद्योगाच्या मुळाशी ख्रिस्तोफर रड हे शाळामास्तर. स्वतः दर्यात रमणारे. धडधाकट मुलांना शिडाच्या होडीत जे सुख मिळतं ते आपल्या अपंग विद्यार्थ्यांना का मिळू नये, या प्रश्नातून 1978मध्ये ‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’ उभा राहिला. 1985मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि पुढच्या वर्षी पहिल्या सफरीला निघालं. लांबी सुमारे 55 मीटर, डोलकाठ्या तीन. कायमचे खलाशी दहाएक, बाकीचे चाळीस हौशी. त्यांतले निम्मे अपंग.

खरी करामत कॉलिन मडी यांच्या आराखड्यात होती. डेक रुंद आणि सपाट, मजल्यांमध्ये लिफ्ट, पाट्यांवर ब्रेल. होकायंत्र दिशा बोलून दाखवी, म्हणून दृष्टिहीन माणूसही सुकाणू धरू शके. ऐकू न येणाऱ्याला धोक्याचा इशारा मिळावा म्हणून बिछान्याखाली थरथरणारी गादी. जहाजाच्या नाकाडासमोर पाण्यावर झेपावलेला वासासुद्धा इतका रुंद, की चाकाची खुर्ची थेट टोकापर्यंत जाई. ही जागा साध्या प्रवाशाला कोण दाखवतं?

आणि डोलकाठी! व्हीलचेअरवरच्या माणसाला खुर्चीसकट दोर-कप्प्यांनी वर चढवत. खाली पहाऱ्याची सगळी तुकडी एका लयीत दोर ओढतेय, वरचा माणूस हातभर हातभर आभाळाकडे सरकतोय. यात उपकाराचा भाव शिरायला वावच नसे, कारण तासाभराने शीड आवळताना तोच माणूस दोराला हात लावी. चौकोनी शीड फिरवायला खूप हात लागतात. कुणाचे आहेत हे वाऱ्याला ठाऊक नसतं. या सफरींच्या आठवणी गोड का, याचं उत्तर मला इथे सापडतं. सूर्यास्त क्रूझवरही दिसतो; जहाजाला आपली गरज आहे ही भावना मात्र तिथे तिकिटात मिळत नाही.

पुढे ट्रस्टसाठी साउदॅम्प्टनच्या वूलस्टनमध्ये ‘टेनेशियस’ हे 65 मीटर लांबीचं लाकडी जहाज बांधलं गेलं, तेही हौशी हातांच्या मदतीने. रंधा मारायला, लाकूड घासायला लोक सुट्टी काढून येत. 2000मध्ये ते सफरीला निघालं. पण अशा सफरींचा खर्च भाड्यातून निघत नाही, देणग्यांवर तगावं लागतं. ‘लॉर्ड नेल्सन’ 2019मध्ये निवृत्त झालं आणि 2023च्या अखेरीस ट्रस्टच बंद पडला.

आपल्याकडेही मडी यांच्याच आराखड्यावर गोवा शिपयार्डने ‘तरंगिणी’ ही शिडाची नौका बांधली. 1997मध्ये ती नौदलात दाखल झाली, 2003-04मध्ये जगप्रदक्षिणा करून आली. तिच्यावर नौदलाचे उमेदवार घडतात, आणि ते योग्यच आहे. पण मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या एखाद्या कारकुनाला आठवडाभर परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या वाशावर, चढायचं असेल, तर त्याने कुठल्या खिडकीवर पैसे भरावेत?