अंगठा का लागत नाही?

देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते खानदेशात. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते हा कार्यक्रम झाला. टेंभली आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १ जुलै १९९८ पर्यंत तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे.

आज रेशन घेतानाही आधारशी अंगठा जुळवावा लागतो, आणि धुळे-जळगावच्या कुठल्याही रेशन दुकानात महिन्यातून एकदा तरी ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य ऐकू येतं. दुकानदार ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो आणि रांग थांबते. प्रत्यक्षात सर्व्हर अनेकदा व्यवस्थित चालू असतो. त्याने उत्तरही दिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचलेलं नसतं.

दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा टेकला की त्याचा ठसा सांकेतिक रूपात बंद होतो. ज्या किल्लीने तो बंद होतो ती त्या एका व्यवहारापुरतीच असते, आणि ती किल्लीही आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या जाहीर किल्लीने कुलूपबंद होते. हे पाकीट आधी संबंधित खात्याच्या सर्व्हरवर आणि तिथून परवानाधारक मध्यस्थामार्फत मध्यवर्ती डेटाबेसकडे जातं. शंभर कोटींहून अधिक नोंदींच्या या भांडाराची केंद्रं बंगळूर आणि मानेसर इथे आहेत. तिथून परत येतं ते एवढंच: होय किंवा नाही, आणि नाही असेल तर कारणाचा क्रमांक. नाव नाही, पत्ता नाही.

एवढ्या नोंदींत अंगठा शोधत बसावं लागत नाही, कारण सोबत बारा आकडी क्रमांक गेलेला असतो. त्या एकाच नोंदीशी ठसा ताडून पाहतात. क्रमांकाची रचनाही हुशार आहे. तो शून्याने किंवा एकाने कधीच सुरू होत नाही आणि त्याचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. ही रीत डच गणिती याकोबस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, समजा ४७ चे ७४ झाले, तर ती चूक डेटाबेसला विचारण्याआधीच पकडता येते.

खरी गंमत जुळणीत आहे. साध्या वेबसाइटचा सर्व्हर नीट बांधलेला असेल तर तो आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्याच्यापासून गणिताने काढलेली, उलट फिरवता न येणारी खूण तो ठेवतो. एक अक्षर चुकलं की खूण पूर्ण बदलते, म्हणून तिथे उत्तर काटेकोर असतं. बोटाचं तसं नाही. तोच अंगठा दोनदा टेकला तरी दोन ठसे तंतोतंत सारखे येत नाहीत. म्हणून यंत्र बोटावरच्या रेषा जिथे संपतात किंवा फुटतात त्या जागा आणि त्यांची दिशा टिपतं, आणि सर्व्हर त्या किती जुळतात याचे गुण देतो. ठरावीक गुणांच्या वर गेलं तर होय. ही मर्यादा फार खाली आणली तर दुसऱ्याचा अंगठा चालून जाईल, फार वर नेली तर स्वतःचाच नाकारला जाईल. हा तिढा पुरता सुटणारा नाही.

खानदेशात त्याची झळ अधिक बसणार, हे उघड आहे. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरखडे काढतात. रावेर-यावलकडे केळीचा चीक हाताला काळा चिकटून बसतो. वयानुसार रेषा पुसट होतात त्या वेगळ्याच. ज्यांना रेशनची गरज सर्वांत जास्त, नेमके त्यांचेच हात यंत्राला वाचता येत नाहीत. आखणी करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवं होतं, असं मला वाटतं.

सर्व्हर नकाराबरोबर जो कारणाचा क्रमांक पाठवतो, दुरुस्ती तिथूनच सुरू व्हायला हवी. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. अशा वेळी हात धुऊन, कोरडा करून दुसरं बोट लावून बघावं. ३३० आला तर बोट कितीही घासून उपयोग नाही, कारण धारकानेच आपले ठसे कुलूपबंद करून ठेवलेले असतात. ९९८ आला की क्रमांकच तपासायचा. ८११ म्हणजे डेटाबेसमध्ये ठसेच नाहीत, तेव्हा आधार केंद्र गाठावं लागतं. ५६१ आणि ५६२ या दोन क्रमांकांचा तर बोटाशी संबंधच नाही. विनंतीवरची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा फार जुनी किंवा पुढची असते, म्हणजे बहुधा यंत्राचं घड्याळच चुकलेलं असतं. अशा वेळी म्हातारीला चार वेळा अंगठा दाबायला लावण्यापेक्षा यंत्राची तारीख नीट करावी.

यातला कुठलाच क्रमांक आला नाही आणि यंत्र नुसतंच फिरत राहिलं, तर मात्र विनंती बहुधा पोचलेलीच नसते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हे नेहमीचंच. तिथे आधी रेंज शोधायची, मग बोट.