छप्पर आपापले, सौदा गल्लीचा

एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट घेतलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. मुदत जवळ येत आहे तशी कोल्हापुरात गल्लोगल्ली चौकशी वाढली आहे. आमच्याच गल्लीत तिघा शेजाऱ्यांनी तीन-तीन किलोवॅटची यंत्रणा बसवली. गच्च्या एकमेकींना लागून, पॅनेल एकाच कंपनीची, इन्व्हर्टरही सारखाच. दर मात्र तीन निघाले. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत 22 हजारांचा फरक! तिघेही सकाळी एकाच टपरीवर चहा पितात. पण सौदा करताना कुणी कुणाला विचारले नाही.

याचे वाईट अशासाठी वाटते, की मिळून घेणे आणि मिळून चालवणे हा या मातीचा जुना सराव आहे. शेतकरी सहकारी संघ इथे 1939 साली उभा राहिला. गोकुळचा दूध संघ 1963 चा. पंचगंगा-भोगावतीच्या काठी शेतकऱ्यांनी पाणीपुरवठा संस्था काढल्या आणि नदीचे पाणी माळावर चढवले. गल्लीत भिशी आहे, तालमीची वर्गणी आहे. अशा गावात दोन लाखांच्या आसपासची खरेदी माणूस एकट्याने का करतो?

अनुदानाचे आकडे आता सर्वांना पाठ आहेत: एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर 78 हजार. पण त्यातली एक गोष्ट बोलली जात नाही. ही रक्कम ठरलेली आहे. यंत्रणा दीड लाखाला घ्या नाहीतर दोन लाखांना, तीन किलोवॅटला 78 हजारच मिळणार. म्हणजे भाव करून जो काही दर उतरेल, तो सगळाच्या सगळा आपल्या खिशात राहतो.

दर उतरतो तो विक्रेत्याच्या उपकाराने नव्हे. चाळीस घरांनी तीन-तीन किलोवॅट घेतले तर 120 किलोवॅटचे काम होते. साडेपाचशे वॅटची साधारण 240 पॅनेल लागतात. माल एकाच खेपेत येतो, सांगाडे एका मापात कापले जातात, बसवणारी माणसे एका गल्लीत सलग काम करतात. शिवाय चाळीस गिऱ्हाइके शोधत गावभर हिंडायचे वाचते. हा वाचलेला खर्च विक्रेत्याने आपल्याशी वाटून घ्यावा, एवढेच आपले मागणे.

त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. अर्ज ज्याचा त्याने राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, करार आणि नेट मीटर ज्याच्या त्याच्या नावाचे, अनुदानही ज्याच्या त्याच्या खात्यात. अनुदान हवे तर विक्रेता योजनेत नोंदलेला आणि पॅनेल देशी बनावटीची हवीत. 2024 च्या नियमबदलानंतर 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणीही लागत नाही. गटाने फक्त दरपत्रके मागवायची, अटी ठरवायच्या आणि एकत्र बसून बोलायचे.

माझे मामा भोगावतीकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेत बरीच वर्षे सचिव होते. गल्लीतला हा विषय त्यांच्यापुढे काढला तेव्हा त्यांनी दर विचारलाच नाही. म्हणाले, "मोटर घेणं सोपं असतंय बाळा. ती बिघडल्यावर रात्री कोण उठणार, ते आधी कागदावर घ्या." संस्थेचा जॅकवेल, पाइपलाइन, पाटकऱ्याचा पगार, दर हंगामाची पाणीपट्टी, सगळे त्यांनी सांभाळलेले. त्यांच्या मते संस्था बुडते ती महाग खरेदीमुळे क्वचितच; देखभाल कुणाच्याच नावावर नसली की बुडते.

त्यांचे म्हणणे मला माझ्या गच्चीवर पटले. चार वर्षांपूर्वी मी एकट्याने यंत्रणा घेतली. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर सरकते, हे बसवताना कुणी पाहिले नाही. सांगाडा चांगल्या जीआयचा, पण बोल्ट साधे लोखंडी. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्यातून गंजाचे लाल ओघळ उतरले आणि पांढऱ्या गच्चीवर रेघा उमटल्या. बसवणाऱ्याने फोन उचलणे तोवर बंद केले होते. एका गिऱ्हाइकाचा फोन न उचलणे सोपे असते. चाळीस घरांचा टाळणे अवघड.

म्हणून गटाने दरापेक्षा अटींवर जास्त वेळ घालवावा असे मी कळकळीने सांगेन. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर आहेच. तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, ते लिहून घ्या. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, अर्थिंग आणि वीजरोधक स्वतंत्र, सावलीची पाहणी प्रत्येक गच्चीवर. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्यांचा इन्व्हर्टर वरच्या मजल्यावरच हवा. आणि अपेक्षा खऱ्या ठेवा. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत तेवढे मिळत नाहीत.

छोट्या व्यावसायिकांना तर गटाची गरज जास्त आहे. पिठाची गिरणी, छापखाना, उद्यमनगरातले लेथचे शेड यांना हे घरगुती अनुदान नाही. मोठे कारखाने 40 टक्के घसाऱ्याची सवलत घेतात. छोट्या दुकानदाराचा करच एवढा नसतो की त्याचा मोठा आधार व्हावा. त्याच्या हातात उरतो तो फक्त खरेदीचा दर. त्याच्या बाजूची गोष्ट एकच: त्याची यंत्रे दिवसा चालतात आणि वीज तेव्हाच तयार होते. घरे आणि दुकाने यांनी एकाच यादीत नावे घातली तर दोघांचाही फायदा आहे.

हे कुठेच झाले नाही असे नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या माउंट प्लेझंट वस्तीत 2007 मध्ये दोन शाळकरी मुलांनी घरात हट्ट धरला, त्यातून शेजाऱ्यांचा गट झाला आणि दोनेक वर्षांत 45 घरांवर पॅनेल चढली. आपल्या जवळ, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. आपल्या करवीर तालुक्यातल्या शेळकेवाडीनेही सौरग्राम होण्याचा मान मिळवला. ही गावे लहान आहेत हे खरे; पण आपली एकेक गल्लीही तेवढीच आहे.

गट जमवताना एखादा म्होरक्या कमिशन खाईल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय जुनाच: दरपत्रके सर्वांसमोर फोडायची, तुलना फळ्यावर लिहायची आणि ती शेवटपर्यंत पुसायची नाही.

कोल्हापुरी बंधारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दगडी खांब वर्षभर उभे असतात, पण पाणी अडते ते पावसाळा सरल्यावर वेळेवर बरगे घातले म्हणून. आणि पूर येण्याआधी ते काढले नाहीत तर बंधाऱ्यालाच धोका. बंधारा बांधला एकदाच, बरगे घालणे-काढणे मात्र दरवर्षीचे. छपरावरची पॅनेल 25 वर्षे टिकतील अशी बनवलेली असतात. ती धुणारे, तपासणारे, तक्रार लावून धरणारे हात गल्लीने आजच ठरवले, तर या सौद्याचे चीज होईल.