हापशामागची एकजूट
दुष्काळात वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र आली, त्यातून गावांच्या हाती काय उरले?

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. श्रद्धेतून लोकसेवा ही कल्पना त्यामुळे या परिसराला नवी नाही. मात्र याच दुष्काळी पट्ट्यात आणखी एका धर्मसमाजाच्या सेवेची खूण गावोगाव उभी आहे आणि तिचा इतिहास फारसा कोणाला ठाऊक नाही. ती खूण म्हणजे विंधन विहिरीवरचा हातपंप, गावकऱ्यांच्या भाषेत हापसा. त्याच्या जडणघडणीत ख्रिस्ती पंथांच्या परस्पर सहकार्याचा मोठा वाटा आहे.

हे सहकार्य सहजासहजी घडलेले नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) काम सुरू केले. निजामाच्या राज्यातील जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन होते, तर कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने जाऊ नये, असा संकेत होता. त्यामुळे तंटे टळले, पण प्रत्येक जिल्ह्याचा पंथ निराळा झाला. गावातील ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या निवडीने नव्हे, तर तो कोणत्या जिल्ह्यात राहतो यावरून ठरत असे.

संकटाने आणले एकत्र

या भिंती खाली आल्या त्या प्रामुख्याने संकटांच्या काळात. १९४७ मध्ये फाळणीतील निर्वासितांच्या मदतीसाठी प्रोटेस्टंट चर्चनी एक संयुक्त यंत्रणा उभारली. तीच पुढे ‘कासा’ या नावाने परिचित झाली. १९६६ मध्ये देशात अन्नटंचाई असताना प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांनी मिळून ‘ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ ही संस्था स्थापन केली. शेती आणि पाणी यांविषयीचे तांत्रिक ज्ञान लहान संस्थांपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघांचे विलीनीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. उपासनेतील ऐक्याला असा मुहूर्त लागला, तोवर मदतकार्यातील ऐक्य दोन दशकांहून जुने झाले होते.

मराठवाड्यात या कामाला पाण्याची दिशा मिळाली. येथील जमिनीखाली काळ्या बेसाल्टचा कातळ आहे. पाणी साठते ते त्यातील भेगांत. पहारी-सुरुंगाने खोदलेल्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडत. साठच्या दशकात जालना येथील मिशनने यंत्राने विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. पाणी लागले, अडचण आली ती पंपांची. त्या काळचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले होते. अख्खे गाव दिवसभर पाणी ओढू लागताच त्यांचे सांधे झिजत आणि पंप बंद पडत.

यावर उपाय जागेवरच शोधला गेला. जालन्यात आणि नंतर सोलापुरात पोलादी पंप तयार झाले. अनेक सांध्यांऐवजी एकाच आसावर हलणारा दांडा आणि आतील सळई सरळ वर ओढणारी साखळी, ही या नव्या रचनेची वैशिष्ट्ये. सोलापूर पंपाचा आधार घेऊन केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप विकसित केला. पुढे तो जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला.

पंप कोठे बसवायचा?

पाणी लागल्यावरही एक प्रश्न उरत असे, तो जातीचा. बीड जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. हे महाविद्यालयही अनेक मिशनांच्या सहकार्यातून वाढलेले. प्रकल्पाला जिनिव्हा येथील जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाचे पाठबळ लाभले.

लवकरच १९७२ च्या दुष्काळाने गावे होरपळली. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. बाहेरून आलेले धान्य गावातील स्वयंसेवकांनी शिजवून लहान मुलांना दिले. विंधन विहिरी घेताना आरोळे यांनी पंप दलित वस्तीत बसविण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल, तर साऱ्या गावाला त्याच वस्तीत येणे भाग होते. केवळ उपदेशाने जो बदल घडला नसता, तो तहानेने सुरू केला.

पुढे गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांतील अनेक निरक्षर आणि दलित होत्या. बाळंतपण, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाचा समावेश झाला, तर १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ मध्ये, तर डॉ. रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले.

पुढचा प्रश्न

निधी, यंत्रे आणि तज्ज्ञ बाहेरून आले, पण निर्णय व श्रम गावाचे राहिले, हे या कामाचे बलस्थान होते. पंपावर कोणत्याही पंथाची पाटी नव्हती, म्हणून तो साऱ्या गावाचा होऊ शकला.

आता मात्र हापशालाच आव्हान निर्माण झाले आहे. ‘मार्क टू’ साधारण ५० मीटर खोलीवरून पाणी ओढू शकतो. शेतातील खासगी बोअर त्याहून कितीतरी खोल जातात आणि पाणीपातळी त्यांच्या मागे खाली उतरते. हापसा सुस्थितीत असूनही कोरडा पडतो आणि गाव टँकरची वाट पाहते. पन्नास वर्षांपूर्वी पंप कोठे बसवायचा, हा वाद होता. आज कोणी किती खोल जायचे, हे ठरवावे लागणार आहे. तो निर्णय बाहेरून येणारी कोणतीही संस्था घेऊ शकत नाही. त्यासाठी गावालाच एकत्र बसावे लागेल.