मर्लिन

इंग्रजीतील एक विशेषनाम व सामान्यनाम. दंतकथांतील एक जादूगार, ससाण्याची एक जाती आणि विमानाचे एक इतिहासप्रसिद्ध एंजिन या तिघांचा निर्देश या नावाने होतो. वर्णलेखन एकच असल्यामुळे ही नावे एका मुळातून निघाली असावीत, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः येथे दोन भिन्न शब्द केवळ उच्चारसाम्याने एकत्र आले आहेत.

विशेषनामाचा उगम वेल्श भाषेत आहे. युद्धातील संहार पाहून भ्रमिष्ट झालेला व अरण्यात राहणारा मिर्दिन हा भविष्यवादी कवी वेल्श परंपरेत येतो. मनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात त्याला ‘मर्लिनस’ हे रूप दिले. ‘मर्दिनस’ असे सरळ रूप केले असते, तर ते फ्रेंचमधील विष्ठावाचक शब्दाची आठवण देणारे झाले असते, म्हणून ‘द’च्या जागी ‘ल’ आला, हा गास्ताँ पारीस या फ्रेंच पंडिताचा तर्क पुष्कळांनी स्वीकारला आहे. मिर्दिन हे नावदेखील बहुधा गावावरून पडले. वेल्समधील कारमार्दनचे प्राचीन नाव मोरिदुनम म्हणजे ‘सागरी दुर्ग’. हा अर्थ विस्मृतीत गेल्यावर लोकांनी ‘मिर्दिनचा दुर्ग’ असा अर्थ लावला व त्यातून एक पुरुष निर्माण झाला. आर्थर राजाचा मार्गदर्शक ही त्याची प्रतिमा मुख्यतः पुढील फ्रेंच अद्भुतकथांनी घडविली.

पक्षिवाचक शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळ जर्मानिक आहे. जादूगाराशी त्याचा संबंध नाही. मर्लिन (फाल्को कोलंबॅरियस) हा सु. २५ ते ३० सेंमी. लांबीचा ससाणा उत्तर यूरोप, आशिया व अमेरिकेत आढळतो. नराची पाठ निळसर करडी, तर मादीची तपकिरी असते. जमिनीलगत वेगाने उडून तो लहान पक्ष्यांना पकडतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा उमराव स्त्रियांचा शिकारी पक्षी मानला जाई. भारतात तो हिवाळी पाहुणा आहे. जुन्या पक्षिग्रंथांत ‘तांबड्या डोक्याचा मर्लिन’ म्हटलेली तुरमती मात्र वेगळी जाती होय.

रोल्स-रॉइस कंपनी आपल्या एंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे देत असे. त्यामुळे १९३३ मध्ये प्रथम चालविलेल्या बारा सिलिंडरांच्या एंजिनाचे नाव पक्ष्यावरून आले, जादूगारावरून नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, हरिकेन, मॉस्किटो व लँकेस्टर या विमानांत ते होते. इंफाळच्या लढाईत (१९४४) भारतीय वैमानिकांनी चालविलेल्या हरिकेन विमानांतही तेच होते. त्यात एक घातक दोष होता. शत्रूचा पाठलाग करताना विमानाचे नाक एकदम खाली वळविले की, कार्ब्युरेटरमधील इंधनाचा पुरवठा बिघडून एंजिन क्षणभर बंद पडे; जर्मन एंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने त्यांना ही अडचण नव्हती. बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने १९४१ मध्ये इंधनमार्गात बसविण्यासाठी छिद्र असलेला धातूचा छोटा तुकडा तयार केला व वैमानिकांचा हा धोका बराच कमी झाला. एंजिनाचे घनफळ २७ लिटरच राहिले. तरीही सुधारलेली अतिभरक यंत्रणा व उत्तम इंधन यांमुळे त्याची सु. १,००० अश्वशक्ती युद्धाअखेर जवळजवळ दुप्पट झाली. अशी सु. दीड लाख एंजिने तयार झाली. त्यांपैकी बरीच अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने बांधली.

ब्रिटिश नौदलाच्या एका हेलिकॉप्टरलाही हे नाव आहे. मराठीत ‘मर्लिन’ असे लिहिले जाणारे अभिनेत्री मन्रोचे नाव मात्र इंग्रजीत वेगळे असून ते मेरी या नावापासून बनले आहे.