शिडाच्या नौकेचा मिटणारा पंखा

घाटाखाली राहणाऱ्या आमच्या कर्जत-खालापूरकडील वाचकांस शिडाच्या नौकेची अडचण सांगावयाची, तर ती आगगाडीच्या दाखल्याने सांगणेच सोयीचे. पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. ती बोरघाट चढवून देतात आणि वर पोहोचल्यावर काढून घेतली जातात. तीच इंजिने पुण्यापर्यंत उगाच ओढीत नेली असती, तर त्या व्यवस्थेस कोणी शहाणपणाची म्हटले असते काय? शिडाच्या नौकेत मात्र बहुधा असेच चालते. बंदरात शिरताना अथवा वारा पडला असता उपयोगी पडावे म्हणून तिच्यात लहानसे इंजिन बसवितात. पुढे वारा मिळतो, शिडे फुगतात, इंजिन बंद होते. तरी पाण्याखालचा पंखा आपली पाती पसरून उभाच!

तो पाण्यास अडवितो. मोकळा सोडून फिरू दिला तरी ओढ राहतेच. खोपोलीच्या वीजगृहात 1915 सालापासून लोणावळ्याकडील तलावांचे पाणी चाके फिरवीत आहे. चाक फिरावयाचे तर पाण्याचे बळ खर्ची पडावयाचेच. येथे ते नौकेच्या वेगातून वजा होते. ही तूट ताशी अर्धा सागरी मैल धरली, तर मुंबईहून गोव्यापर्यंतच्या सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांस, ताशी साडेपाचऐवजी पाचच मैल चालणाऱ्या नौकेस चार तास अधिक लागतात. गोव्यात दिवाडी येथे बांधलेल्या ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 साली कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसल्या प्रवासात ही तूट केवढी होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यावर उपाय मिटणाऱ्या पंख्याचा. याची पाती बिजागरीवर बसविलेली असतात. इंजिन थांबले की पाण्याच्या रेट्याने ती मागे वळून छत्रीच्या काड्यांप्रमाणे मिटतात. दांडा फिरू लागला की बाहेर फेकली जाऊन उघडतात. चांगल्या पंख्यात पाती दातेरी चाकांनी एकमेकांस जोडलेली असल्याने बरोबरच उघडतात. मिटल्यावर जाळी अथवा दोर त्यात अडकण्याचे भयही कमी.

मग सर्वांनी हाच का घेऊ नये? येथे खरी मेख आहे. नौका उलटी चालविताना पंख्याचा जोर पात्यांस मिटवू पाहतो. केवळ फिरण्याच्या वेगाने ती उघडी राहतात. त्यामुळे उलटा जोर पुष्कळ पंख्यांत कमी पडतो. धक्क्याशी येताना नौका थांबविण्याचे साधन तर हेच! दाटीच्या बंदरात नेहमी ये-जा करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. त्यात आपले कोमट पाणी. नौका काही आठवडे उभी राहिली की कालवांसारखे कवचधारी जीव बिजागरीत घर करतात. मग एक पाते उघडते, दुसरे अडते आणि सबंध दांडा थरथरू लागतो. तशात इंजिन चालविणे म्हणजे दांड्याच्या आधारांचा नाश ओढवून घेणे होय.

पाती न मिटता आपल्याच अक्षावर वळून पाण्यास धार दाखवितात, असाही एक प्रकार आहे. त्याचा उलटा जोर चांगला असतो; किंमत मात्र अधिक पडते व ओढही किंचित उरते.

आमच्या मते, रविवारी घटकाभर बंदरात फिरणाऱ्याने जुना पंखाच ठेवावा. लांबचा पल्ला शिडांवर काटणाऱ्याने बदल अवश्य करावा. तो पावसाळ्यात, नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना करावा. दांड्याची जाडी व निमुळतेपणा नव्या पंख्याशी जुळतो की नाही आणि मिटलेली पाती मागच्या सुकाणूस घासत नाहीत ना, हे मोजून पाहावे. पितळी पंख्याच्या रक्षणार्थ लावलेला जस्ताचा तुकडा झिजला असल्यास तोही त्याच वेळी बदलून घ्यावा.